डॉक्टर घडवणाऱ्या सरांची डबी

ज्यानं कुणी हा प्रश्न छापला, त्यानंच व्यंकटीला गुन्हेगार केलं. ‘रुग्ण दुसरे कोणते औषध घेतो काय?’ लातूरच्या त्या दवाखान्यात चार महिन्यांत तीनदा हा कागद पुढं आला आणि तीनदा व्यंकटीनं ‘न्हाई’ सांगितलं. हिमायतनगरकडं ज्याची चार एकर हळद उभी आहे, लेकरांच्या खोकल्यापासून बैलाच्या खांद्यापर्यंत ज्यानं जन्मभर हळदच लावली, तो तिला औषधात कसा धरणार? छापणाऱ्यानं एक शब्द जास्त घातला असता, तर त्याची शाई संपली असती का?

आता डॉक्टरांच्या टेबलावर ती कॅप्सूलची डबी होती. वर हळदीच्या गड्ड्याचं चित्र. शेजारी त्याच्या लेकीच्या, गीतांजलीच्या रक्ताचा रिपोर्ट. पोरगी सतरा वर्षांची, इथंच होस्टेलवर राहून मेडिकलच्या क्लासला. पावसाळ्यात रक्ताचा कॅन्सर निघाला. रोज एक गोळी, एकही दिवस न चुकवता. त्या गोळीवर आजार मुकाट बसला होता. आज मात्र तिचे डोळे पिवळे झाले होते.

“गोळी थांबवावी लागंल,” डॉक्टर अंगद म्हणाले. तिशीतला माणूस, मूळ चाकूरचा. “लिव्हर सुजलंय.”

“किती दिवस?”

“दोन आठवडे. तीन बी लागतील.”

“आन् तवर?”

“तवर आजाराला रान मोकळं.” त्यांनी डबी फिरवून बारीक अक्षरं वाचली. “तुम्ही हे लपवलं.”

“लपवलं न्हाई साहेब. तुमी औषध इचारलं. हळद कुठं इचारली?”

“भाजीतली चिमूटभर हळद वेगळी. हा अर्क आहे. एका कॅप्सूलमध्ये मूठभर हळदीचं सत्त्व, वर मिरीचा अर्क, म्हणजे ते रक्तात झपाट्यानं उतरावं. तुमच्या गोळीचा भारही लिव्हरवर, ह्याचाही लिव्हरवर. सगळा दोष ह्याचाच, असं आज छातीठोक सांगता येत न्हाई. पण मला माहीत असतं तर पहिल्याच दिवशी बंद केलं असतं.”

“लग्नाआधीच हळद लागली मला, पप्पा,” गीतांजली म्हणाली. कुणी हसलं नाही, तशी तीच जराशी हसली.

“तू तरी बोलायचंस,” डॉक्टर तिच्यावर घसरले. “बायोलॉजी शिकतेस ना? लिव्हरचा धडा झाला असंल की.”

“ज्यांनी धडा शिकवला, त्यांनीच डबी दिली.”

“कोणी?”

“शरणप्पा सरांनी.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

क्लासच्या पालक मेळाव्यात सरांनी व्यंकटीला बाजूला घेतलं होतं. खांद्यावर हात ठेवला होता. डबीची एजन्सी सरांच्या घरातच होती, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात येतं? “व्यंकटराव, डॉक्टर त्यांची गोळी देतील, ती चालू द्या. ही वरून द्या. तुमच्याच मातीतली चीज आहे.” व्यंकटीचा हिशेब साधा होता. ह्या लातुरात जे डॉक्टर होतात ते सरांच्या हाताखालून जातात. मग सर म्हणजे डॉक्टरांचे डॉक्टर. अशा माणसाला ‘खात्री हाय का’ म्हणून विचारायला व्यंकटीची जीभ रेटली नव्हती.

“क्लासच्या जिन्यात तुमचा फोटो हाय,” व्यंकटी म्हणाला. “दुसऱ्या रांगेत. मिशी नव्हती तुमाला तवा.”

डॉक्टर खिडकीकडं बघत म्हणाले, “माझे वडील वारले त्या वर्षी सरांनी मला घरात ठेवून घेतलं. सर नसते तर मी ह्या खुर्चीत नसतो.”

“खुर्ची ऱ्हाऊ द्या. डबीचं बोला.”

“मी बोलतो सरांशी. सवडीनं. त्यांना कसं सांगायचं ते मला ठाऊक आहे.”

“सवडीनं?” व्यंकटी उठला. “बाहेर बाकड्यावर जळकोटची नागुबाई बसलीय. तिच्या पोराला बी हाच आजार, हीच गोळी. मागल्या महिन्यात मीच तिला ह्या डबीचं सांगितलं. माझ्या तोंडानं. सरांचं नाव घेऊन.”

“मग तुम्हीच सांगा की तिला, बंद कर म्हणून.”

“सकाळी हिचे डोळे बघून मलाच डबीचा संशय आला, तवाधरनं तेच करून राहिलो. ऐकंना ती. म्हणती, भाऊ, तुमी शेतकरी माणूस, सरांपरीस तुमाला जास्त कळतंय का?”

“पप्पा, बसा ना,” गीतांजली म्हणाली.

व्यंकटी बसला नाही. त्यानं दार उघडलं, नागुबाईला आत बोलावलं. ती पदर सावरत आली आणि उंबऱ्यातच थांबली. हातात कापडी पिशवी, पिशवीत अर्धी संपलेली डबी. ती डॉक्टरांकडं बघत होती. डॉक्टर टेबलाकडं.

“बाई, ही कॅप्सूल सध्या...” डॉक्टर म्हणाले, “म्हणजे तसं घाबरायचं काही...”

“डबी आणाया गेले तवा सर तर म्हणले, बिनधास्त द्या,” नागुबाई म्हणाली. “सर चुकतेत व्हय?”

गीतांजलीनं पिवळे डोळे मिटून घेतले. व्यंकटीनं दोन्ही हात टेबलावर टेकले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका शिकलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवला.

“बाईनं तुमाला इचारलंय, डॉक्टर. मला न्हाई. शरणप्पा सर चुकले, असं तुमच्या तोंडानं म्हणता का न्हाई?”