चौकोनातली मॅडम

उन्हाचा तडाखा वाढला म्हणून घाटंजीतली आमची शाळा बंद ठेवली आणि माझा पाचवीचा वर्ग मोबाईलवर आला. पोरं लगेच पेंगायला लागायची. मग मी मध्येच ओरडायचे, "स्टॅच्यू!" की सगळे जागच्या जागी थिजायचे. ज्यानं स्टॅच्यू केलं त्यानंच "ओव्हर" म्हणून सोडवायचं, तोवर कोणी हलायचं नाही.

आजही ओरडले. भैरवीचा हात वेणीवरच राहिला, साकेतची जांभई अर्ध्यात थांबली.

"ओव्हर!"

पोरं खिदळली. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझा चौकोन होता. त्यातली मी मात्र हलले नाही.

"मॅडम, तुमी काहून स्टॅच्यू झाल्या?" भैरवीनं विचारलं.

"नेट अटकलं असन वं," म्हणत मी हात हलवून पाहिला. चौकोनातला हात हलला नाही.

मग चौकोनातल्या बाईनं पापणी मिटली, उघडली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"स्टॅच्यू," ती माझ्याच आवाजात म्हणाली.

माझा हात हवेतच राहिला. श्वाससुद्धा हलेना.

"मॅडम, आता काय करू?" साकेतनं विचारलं.

"काही नाही. आजचा तास संपला," तिनं हसून सांगितलं, आणि ओव्हर न म्हणताच कॉल बंद केला.