राशीवर बूट

"बूट घालून राशीवर चढलीस तर तंगडं मोडून हातात देईन," केवळाबाई म्हणाली आणि लेकीच्या वाटेत आडवी उभी राहिली.

शेड राणीसावरगावच्या बायकांच्या गटाचं. साऱ्या गावाची सोयाबीन मागच्या भिंतीला लागून ओतलेली, दीड माणूस उंच, आणि किल्ली केवळाबाईच्या कमरेला. दाण्याला चुकून पाय लागला तरी हात लावून पाया पडणारी ही बाई. आणि तिच्याच पोटची अर्पिता आज बूट घालून त्या लक्ष्मीवर चढायला निघालेली! कलियुग म्हणतात ते दुसरं काय असतं?

पण पोरीचाही इलाज नव्हता. स्केटिंगमधली तिची चपळाई बघून तिला राज्याच्या संघात घेतलं होतं, तेही फळीला पाय बांधून बर्फावरून घसरायच्या खेळात. बर्फ तिनं पाहिला होता तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. उद्या संघ काश्मीरला निघणार होता, आणि सोबत न्यायची होती एकच फळी, बुटांचा एकच जोड. ह्याआधी दोनदा तिकडं खेळून आलेला धम्मपाल निवडायला दोन फळ्या नि दोन जोड घेऊन जिंतूरहून आला होता.

"फरशीवर उभं राहून काय कळतंय, माय?" अर्पिता काकुळतीला आली. "घसरल्याबिगर कळायचं न्हाई. आन् घसरायला आपल्याकडं दुसरं हाय काय?"

"इथं चुकली तर दाण्यात पडंल, मावशी," धम्मपाल म्हणाला. "तिथं चुकली तर घोटा जाईल. मागच्या साली एका पोरीनं बिनमापाचा बूट नेला. अजून लंगडायलीय."

लंगडणारी पोर केवळाबाईला तिथल्या तिथं दिसली, आणि ती अर्पिताच होती.

"दाव बरं बूट," ती म्हणाली.

पहिल्या जोडात अर्पिताची बोटं पुढं टेकत होती. केवळाबाईनं खाली बसून बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून पाहिलं. तीन लेकरांच्या चपला तिनं अशाच दाबून घेतल्या होत्या, आणि एकही कधी वर्षाच्या आत आखूड झाली नव्हती. "लय आवळायलंय की. एक नंबर वाढतं घे, पोरी. कामाला येतंय."

"मावशी, ह्ये बूट तसले नसतेत..." धम्मपाल सांगेपर्यंत अर्पितानं सैल जोड काखोटीला मारला होता. फळीही लांब नि कडक उचलली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "कडक फळीला पाय रोवून वळवावं लागतं. तू अंग मुरडून वळतीस. नरम घे, तुजं ऐकंल."

"कडक जोरात पळती, दादा."

"पळंल की! वळंल का, ते बघ."

केवळाबाईनं शेवटी तोडगा काढला. "अनवाणी चढ. वर जाऊन घाल काय घालायचं ते. मी बघत न्हाई." आणि खरंच ती उंबऱ्याशी जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. पाठीमागं दाणे सळसळले, बुटांचे पट्टे आवळल्याचा करकर आवाज झाला. तिनं हात जोडले. लक्ष्मीआई, लेकरू हाय, पदरात घे.

तेवढ्यात फळी सुटली, आणि न बघणं कोणत्या आईला जमलंय?

सोयाबीनचा दाणा गोल, गुळगुळीत. फळीखालून गोट्यांसारखा पळाला. राशीच्या पायथ्याशी, डाव्या अंगाला, धान्य चाळायचं लोखंडी यंत्र होतं, आणि फळी नेमकी तिकडंच निघाली.

"वळ! अगं वळ!" धम्मपाल ओरडला.

अर्पिता वळत होती. जीव खाऊन वळत होती. पण टाच बुटातल्या बुटात वर उचलली जात होती; पाय एकीकडं, बूट दुसरीकडं, आणि फळीला कुणाचंच ऐकू येत नव्हतं.

केवळाबाई कधी धावली ते तिचं तिलाच कळलं नाही. रास मधेच तुडवत ती आडवी घुसली, पोरीच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी धाडकन दाण्यात कोसळल्या. यंत्राचा लोखंडी पाय वीतभर लांब राहिला.

"घोटा हलीव. हलीव म्हणते ना!"

"हलायलाय, माय."

केवळाबाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला छातीशी धरून हमसून हमसून रडली. वाढतं घे म्हणणारी ती स्वतःच होती. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नव्हती.

जराशानं अर्पिता हळूच म्हणाली, "माय, तुज्या चपला..."

केवळाबाईनं खाली पाहिलं. उंबऱ्यापासून धावत आलेली ती, साऱ्या गावाच्या धान्यात चपलांसकट रुतली होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. धम्मपाल उगाच छताकडं बघू लागला.

"ऱ्हाऊ दे आता, मावशी," तो म्हणाला. "मी घेऊन जातो सामान. एक कंचं तरी नेऊ."

केवळाबाईनं नाक ओढलं. चपला काढून दाराकडं भिरकावल्या, पदर खोचला आणि चाळणी यंत्राला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"कंचं तरी कामून?" ती म्हणाली. "घट्ट जोड दे तिला, नि ती नरम फळी. पाप लागायचं ते दोघींना लागून गेलंय. आता नीट बसणारं सापडल्याबिगर राशीवरून उतरायचं न्हाई."