त्रेपन्नावं घर

घर ५३ : मेले.

असं यंत्राने मंगळवारी लिहिलं. गुरुवारी तेच औषध नव्या प्लेटमध्ये घातलं, तर सगळे जिवंत. शुक्रवारी पुन्हा घातलं. पुन्हा जिवंत.

"भुताटकी आहे," प्रयोगशाळेतली मावशी म्हणाली आणि भिंगावरून डोळा न काढता एका हाताने स्टूलचा दांडा ओढला. "मेलं हे स्टूल, बसलं की खाली जातं."

विभाग चालवणारे सर हसले नाहीत. सोमवारी समिती येणार होती. हत्तीरोगाच्या कृमींवर सहा वर्षं औषध शोधणारा हा विभाग चालू ठेवायचा की ही खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाकायची, ते सोमवारी ठरणार होतं. आणि सरांनी समितीला मंगळवारी संध्याकाळीच कळवून टाकलं होतं, की एक औषध सापडलंय.

पी हळद नि हो गोरी, असं झालं तुमचं, एवढंच मावशीने ऐकवलं.

घर १ : हलतात. घर २ : हलतात. घर ३ : मंद. घर ४ : हलतात.

प्लेट म्हणजे तळहाताएवढा प्लास्टिकचा ट्रे. त्याला शहाण्णव खळगे. खळग्याला इथे घर म्हणतात. प्रत्येक घरात केसासारखे दोन-तीन कृमी आणि एकेक वेगळं औषध. शेवटच्या आठ घरांत मात्र जुनं, जालीम विष. तिथले मरणारच, त्यात सांगायचं काय? ती आठ घरं बघून मावशी नुसती मान डोलवायची. बाकीच्या घरांचं ती मोठ्याने बोलायची, कारण डोळा भिंगावरून काढून लिहायला गेलं की घर चुकतं.

सहा वर्षं तिचं बोलणं लेखनिक लिहून घेत. ते निवृत्त झाले त्या दिवशी मावशी दारात उभी राहून "गेले बिचारे" म्हणाली आणि नवा पहारेकरी दिवसभर उगाच हळहळत राहिला. महिन्यापूर्वी त्यांच्या टेबलावर ऐकणारं यंत्र आलं. त्याला तीनच शब्द शिकवले होते : हलतात, मंद, मेले. मावशी त्याखेरीज काय बोलते, कृमींना कसं दटावते, ते सगळं यंत्र सोडून द्यायचं. घराचा आकडा ऐकू आला आणि पुढे तिन्हींपैकी एकही शब्द आला नाही, तर घरापुढे रेघ मारायचं.

घर ७० : मंद. घर ७१ : —. घर ७२ : हलतात.

मंगळवारच्या प्लेटमध्ये अशी एकच रेघ होती. बुडबुडा आला असेल, दिसलं नसेल, म्हणून सरांनी ती सोडून दिली. शोध त्रेपन्नाचा होता.

त्यांनी बाटली तपासली. चिठ्ठी तपासली. मंगळवारी खोली किती गरम होती ते पाहिलं. प्लेट धुताना साबण राहिला असेल का, म्हणून मुद्दाम दुसऱ्या कृमींवर साबणाचा थेंब टाकून पाहिला. एकेक उत्तर नकारार्थी येत गेलं, तसतसा त्यांचा चेहरा उतरायचा सोडून उजळत गेला. सोमवारची भीती होतीच, पण हे कोडं तिच्याहून वरचढ होतं.

मंगळवारी नक्की काय दिसलं होतं, असं त्यांनी मावशीला तीनदा विचारलं.

"मला काय विचारता, सर? दिवसाला हजार घरं बघते मी. पोस्टमनला पत्रातला मजकूर विचारावा, तसं झालं हे."

शुक्रवारी यंत्र बंद करून ते स्वतः पेन्सिल घेऊन तिच्या शेजारी उभे राहिले होते.

"त्रेपन्न?"

"ह्यांना काय धाड भरलीय? मजेत आहेत."

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. सरांची ही थोरली बहीण. तिचा डावा पाय वीस वर्षांपासून सुजलेला, त्या पायात चप्पल शिरत नाही. गोळ्यांनी रक्तातली पिल्लं मरत, पायात ठाण मांडून बसलेली मोठी जनावरं मरत नसत. ती दर शनिवारी तेच विचारायची.

"मेले का रे?"

"मेले होते, ताई. परत उठले."

"मग माझ्यावर गेलेत," ती म्हणाली. "हट्टी."

मग तिने जेवलास का विचारलं. सोमवारचं तिला ठाऊक होतं, ते तिने विचारलं नाही.

दुपारी सर समितीला पत्र लिहायला बसले. त्रेपन्नाची नोंद चुकीची निघाली, सापडलेलं औषध सापडलेलं नाही, आणखी दाखवण्यासारखं आमच्याकडे काही नाही. तीन वाक्यांत सहा वर्षं संपली. नोंदीची वेळ तेवढी राहिली होती. ती पाहायला त्यांनी यंत्र उघडलं, आणि वेळेच्या पुढे एक छोटी खूण दिसली. यंत्र आवाजही जपून ठेवत होतं. तो ऐकायची गरज आजवर कुणाला पडली नव्हती.

सरांनी ती खूण दाबली आणि कान लावला.

"घर त्रेपन्न," मावशीचा आवाज आला. "मेले, काय थुईथुई नाचतायत बघा."

त्यांनी ते परत एकदा लावलं. मग कपाळावर हात मारला. जिवंत होते, म्हणून मेले.

आवाज त्यांनी बंद केला नाही. चोपन्न हलतात. पंचावन्न हलतात. साठ मंद, स्टूलला एक शिवी, एकसष्ट हलतात. पत्र समोर सही न होता पडलं होतं. सत्तर मंद.

"घर एकाहत्तर."

स्टूल कुरकुरलं. भिंगाचं चाक दोनदा फिरल्याचा आवाज आला. मग मावशी, अगदी हळू :

"गेले बिचारे."