पाच वाजेपर्यंतचा आवाज

अर्धांगवायूने आबांची वाचा गेली, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांच्या मेंदूतली चिप विचार टिपायची, एका परदेशी कंपनीचा उपग्रह त्या विचारांचे शब्द करायचा आणि उशाजवळच्या स्पीकरमधून आबा बोलायचे. आज संध्याकाळी पाच वाजता त्या कंपनीचा परवाना संपत होता.

त्यांच्या मुलीने, ऊर्मिलाने, परवाना कार्यालयात सातव्यांदा फोन लावला.

"मॅडम, लोकांचे विचार देशाबाहेर साठवता येणार नाहीत. कंपनी इथे केंद्र उभारायला तयार नाही," अधिकारी नरमाईने म्हणाला. "आम्ही तरी काय करणार?"

"त्याच्यावर चिडू नकोस," आबा म्हणाले. त्यांची सगळी नोकरी दूरसंचार खात्यात झाली होती. "मीही हाच नियम केला असता. माझ्या डोक्यातलं परक्याच्या कपाटात कशाला?"

"मग तुम्ही माझ्याशी बोलणार कसे?" तिला रडू फुटलं.

"इकडे ये. एक सांगायचं राहिलंय. तुझी आई गेली त्या दिवशी—"

स्पीकरचा दिवा विझला. आबा तिच्याकडे बघत राहिले. ते अजून सांगतच होते, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. ऊर्मिला त्यांचा हात धरून बसली आणि त्यांची नजर निवेपर्यंत "हो आबा, हो" म्हणत राहिली.