कोपरा वळून आलेला आवाज

या, जवळ सरकून बसा; एक गोड गोष्ट सांगतो.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या उत्पलाबाई बौद्ध, देव न मानणाऱ्या. एका संध्याकाळी त्या आमच्या ऑनलाइन कीर्तन-चर्चेच्या गटात आल्या. नव्या माणसानं आपल्या देवाचं नाव घेऊन नमस्कार करायचा, ही तिथली रीत. बाईंची बोटं थबकली. खोटं लिहवेना, आणि मागंही फिरवेना.

"जय भीम. मी देव मानत नाही. ऐकू द्याल?"

"मग कीर्तनात काय काम, बाई? वाट चुकलात का?" एकानं टोचलं.

त्यांनी लिहिलं, "आवाज कोपरा वळून जातो, हे मी वर्गात शिकवते. माझी आई देवळाच्या कोपऱ्यापलीकडे उभी राहून कीर्तन ऐकायची. आत घेत नसत."

बाईंच्या खिडकीबाहेर उजेड मऊ होत होता. मग गटात कीर्तन करणाऱ्या म्हाताऱ्या बुवांनी माइक सुरू केला, "माई, आजचं निरूपण तुम्ही करा, बुद्धाच्या करुणेवर. पुढची कथा मी लावतो."

झांज वाजली. बाईंना वाटलं, आई चपला काढून आत येतेय, अगदी पुढं बसतेय.

कीर्तनाला बसाल तेव्हा त्या माउलीला आठवा, आणि शेजारी जागा ठेवा.