तिच्या फोनवरचं ॲप

तिसरं ॲपही उघडून झालं. त्यातही मुलाचं काही नव्हतं.

लिफ्टकाकांनी फोन काउंटरवर ठेवला. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून पडलेलं नाव निवृत्तीनंतरही सुटलं नव्हतं.

“ताई, हे पण चालत नाही.”

“चालतंय काका. तिन्ही चालतात,” मोबाइलच्या दुकानातली बाई म्हणाली. “हिरव्यावर सगळं जग आहे. निळ्याचं बरं म्हणजे फोन हरवला तरी मेसेज राहतात. आणि हे तिसरं गुपचूप बोलणाऱ्यांचं. वाचलं की थोड्या वेळानं मेसेज आपोआप गायब.”

“गायबच करायचा तर पाठवायचा कशाला?”

“काहींना मागे पुरावा नको असतो.”

“मग तोंडानं बोलावं की.”

बाई हसली. काका हसले नाहीत. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

बायको जाऊन काही आठवडे झाले होते. मुलगा त्याआधीच, काही वर्षांपूर्वी, घर सोडून गेला होता. शब्दाला शब्द लागला होता आणि काकांनी त्याच रागात त्याचा नंबर पुसून टाकला होता. आईला मात्र तो लिहायचा. रोज संध्याकाळी चहा झाला की ती चष्मा लावून फोन हातात घ्यायची.

“विचारतोय, बाबांचा गुडघा कसा आहे.”

“आहे जागेवर. सांग त्याला.”

“म्हणतोय, काल जिना चढायला नको होता.”

“त्याला कोणी सांगितलं?”

“मी सांगते ना सगळं.”

काका भिंतीकडे बघत ऐकायचे. ऐकून झालं की आणखी काही आहे का, ते विचारायचे नाहीत. तीच म्हणायची, “बास, एवढंच आज.”

आई गेल्याचं मुलाला माहीत नव्हतं. एकाही नातेवाइकाकडे त्याचा नंबर नव्हता. आईचं उत्तर येत नाही म्हटल्यावर तो आपल्याला लिहील, असं काकांनी धरलं होतं. त्यांचा नंबर इतक्या वर्षांत बदललेला नव्हता. पण काही आलं नाही. लिफ्ट येत नसेल तर वरच्या माणसाला बोल लावायचा नाही, आधी तार बघायची, ही त्यांची सवय. म्हणून ते ॲप बघायला आले होते.

“काकू कुठलं वापरायच्या?” बाईनं विचारलं.

“तेच तर. तिच्याकडे रोज यायचे मेसेज. ती वापरायची तेच मला घालून द्या.”

“तुम्हाला त्या कशावरून पाठवायच्या?”

“मला कशाला पाठवेल? घर केवढं? हाक मारायची.” काकांनी काउंटरवरचा आपला फोन पुढे सरकवला. “ॲपबिप सगळं तीच बघायची. माझा फोनसुद्धा दुपारी मी झोपलो की तिच्याकडेच. पुसून, चार्ज करून उशाशी ठेवायची.”

“त्यांचा फोन आहे का?”

काकांनी पिशवीतून तो काढला. तो त्यांनी आज पहिल्यांदाच कपाटातून बाहेर घेतला होता. तिचा होता, म्हणून उघडवला नव्हता.

बाईनं तो चार्जिंगला लावला. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. काका स्टुलावर गुडघा चोळत बसून राहिले. पडदा उजळला तसे ते उठले.

“हे घ्या,” बाई म्हणाली. “बाळ म्हणून नाव आहे. तोच का?”

“तोच. अजून बाळच म्हणायची.”

“काका, पण हे हिरवंच आहे. तुमच्याकडे आहे तेच.”

“असं कसं? एकच ॲप. मग तिला येतात नि मला का नाही?”

बाईनं पडदा वर-खाली केला. मेसेज संपतच नव्हते.

“शेवटचा काय आहे?” काकांनी विचारलं. “चष्मा घरी राहिला.”

“आई, बाबांना खोकला झालाय ना? रात्री कोमट पाणी द्यायचं. आणि सांग, माझा राग केव्हाच गेलाय. त्यांचा गेला का?” बाईनं वाचून दाखवलं.

काकांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

“ॲप राहू दे ताई. आईचं असं लिहून नाही सांगत कोणी. सरळ फोन लावा. मी बोलतो. माझा पण गेलाय म्हणतो.”

बाईनं ‘बाळ’वर बोट ठेवलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. काकांनी तो कानाला लावला, घसा खाकरला, पाठ ताठ केली. पलीकडे रिंग जात होती.

“लागला,” ते कुजबुजले.

तेवढ्यात काउंटरवर ठेवलेला त्यांचा स्वतःचा फोन वाजायला लागला.

“बंद करा तो जरा,” काका हात हलवत म्हणाले. “कोण आहे आत्ता मध्येच?”

बाईनं वाकून पाहिलं. पडद्यावर काकूंचं नाव होतं.