टाकीमागची जागा

इमारतीचं नवं मॉडेल तयार झालं, तेव्हापासून मॅनेजरसाहेबांची कॉलर ताठ होती. आज ते सुटलेलं पोट सावरत मालकांना स्क्रीनवर एकेक पाइप, एकेक व्हॉल्व्ह कौतुकाने दाखवत होते.

"मोजणीच्या दिवशी लेसरने समोर दिसेल ते जसंच्या तसं टिपलंय. गळती कुठे आहे, ते आता दोन मिनिटांत कळतं. आपल्या फिटरला अर्धा दिवस लागायचा, आणि उरलेला दिवस कुठे दडी मारायचा कोण जाणे. त्याला आता घरी बसवू."

मालकांनी मान डोलावली आणि सहज माउस फिरवत ते तळघरातल्या पंपाच्या खोलीत शिरले.



"फिटर तर काडीपैलवान आहे. मग टाकीमागे खुर्चीत पाय पसरून झोपलंय, ते पोट कुणाचं?"